दोन तासांहून लहान गेम: लांबवावा, की आहे तसा राहू द्यावा?

पिंपवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी एकट्याने दोन वर्षे खपून केलेला पहिला गेम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रकाशित केला, त्याला आता तीन महिने होत आले. येथील काही सदस्यांनी प्रकाशनापूर्वी चाचणीसाठी वेळ दिला होता, त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते प्रथम मानतो. जाहिरात होऊ नये म्हणून गेमचे नाव देत नाही.

ज्यांना गेम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. परळच्या एका चाळीत मजल्यावर एकच नळ आहे, पहाटे पाऊण तास पाणी येते, आणि तेवढ्या वेळात बारा बिऱ्हाडांचे हंडे, कळश्या आणि पिंपे भरायची आहेत. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाची कामावर पहिली पाळी आहे, कोणाचे पिंप गळके आहे, हे ओळखून रांग लावायची. गेमचे सात भाग आहेत, कारण मुंबईला पाणी पुरवणारे तलाव सात आहेत. सुरुवात भातसापासून होते, कारण शहराला सर्वाधिक पाणी तेथून येते, आणि शेवट तुळशीने होतो, कारण सातांत तोच सर्वांत लहान. म्हणजे खेळ पुढे सरकतो तसतसे पाणी कमी होत जाते. संपूर्ण गेम खेळायला साधारण शंभर मिनिटे लागतात, आणि माझा प्रश्न याच शंभर मिनिटांचा आहे.

स्टीमवर जून २०१५ पासून परताव्याचा नियम आहे. खरेदीला चौदा दिवस झालेले नसतील आणि खेळण्याचा एकूण वेळ दोन तासांहून कमी असेल, तर कारण काहीही असले तरी पैसे परत मागता येतात. नियम ग्राहकाच्या हिताचा आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर न चाललेले दोन गेम मीही याच नियमाने परत केले आहेत. अडचण एवढीच की माझा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून झाला तरी ग्राहकाजवळ वीस मिनिटे शिल्लक राहतात. हा पेच माझ्या एकट्याचा नाही. एमिका गेम्स या नावाने काम करणाऱ्या रचनाकाराने ऑगस्ट २०२१ मध्ये 'समर ऑफ फिफ्टी एट' हा साधारण दीड तासाचा गेम काढला. त्यावरील बहुतेक अभिप्राय चांगले होते, आणि तरीही परताव्यांच्या संख्येमुळे आपण अनिश्चित काळासाठी हे क्षेत्र सोडत आहोत असे त्याने जाहीर केले. तेव्हा मी ती बातमी इतरांची बातमी वाचावी तशीच वाचली होती.

माझ्याकडे साधारण दर सहावी प्रत परत येते. आकडा लहान वाटेल, पण हिशेब असा आहे. भारतात गेमची किंमत २४९ रुपये ठेवली आहे. त्यात अठरा टक्के जीएसटी समाविष्ट असतो, तो काढला की २११ उरतात; त्यातून दुकानाचे तीस टक्के गेले की माझ्याकडे जेमतेम १४८ येतात. प्रकाशनासाठी भरलेले शंभर डॉलर गेमची विक्री हजार डॉलरच्या पुढे गेल्यावरच परत मिळतात. मार्चच्या विक्रीचे पैसे एप्रिलअखेर निघतात, तेही शिल्लक शंभर डॉलरच्या वर गेलेली असेल तर. माझ्या बँकेने पहिली रक्कम 'ही कशाची?' असे विचारत नऊ दिवस अडवून ठेवली आणि शेवटी मी शाखेत जाऊन काउंटरवरच्या गृहस्थांना फोनवर गेम उघडून दाखवला. त्यांनी परदेशातून आलेले पैसे कशाचे ते नोंदवण्याचा, पर्पज कोडचा फॉर्म पुढे केला आणि विचारले, "यात रांगेत घुसता येतं का?"

प्रकाशनाच्या रात्रीचेही सांगतो, कारण नवीन मंडळींना त्याचे फार आकर्षण असते. स्टीमवरच्या सवलतींची रोजची उलथापालथ पॅसिफिक वेळेनुसार सकाळी दहाला होते, म्हणून पुष्कळ जण त्याच सुमारास बटण दाबतात. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. कांजूरमार्गच्या आमच्या घरात त्या वेळी बायको दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी मटकीला मोड आले का ते पाहत होती आणि आई झोपायला गेली होती. मी बटण दाबले, पान एकदा ताजे केले, आणि काहीही झाले नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी पहिली प्रत विकली गेली आणि बारा वाजून पाच मिनिटांनी ती परत आली. सकाळी आठ बावीसची गाडी पकडून अंधेरीच्या कार्यालयात जायचे होते, कारण आठवड्यातील तीन दिवस मी दुसऱ्यांसाठी जाहिरातींची ॲप करतो. उरलेले दिवस गेमचे, आणि घर खऱ्या अर्थाने बायकोच्या पगारावर चालते.

आता मूळ मुद्दा. परिचितांपैकी दोघांनी सल्ला दिला की गेम दोन तासांच्या पुढे न्यावा. तांत्रिकदृष्ट्या हे लाजिरवाणे वाटावे इतके सोपे आहे. एक कळशी भरायला गेममध्ये चार सेकंद लागतात. त्या चाराचे सहा केले आणि जिन्यावरची चाल थोडी मंदावली की शंभर मिनिटांची सव्वाशे होतात. एका रात्री मी तसे करून पाहिले आणि सकाळी आईला खेळायला बसवले. तिचे लग्नानंतरचे आयुष्य अशाच नळावर गेलेले असल्यामुळे ती या गेमची सर्वांत कडक परीक्षक आहे. तिसरी कळशी भरत असताना तिने माउस सोडला आणि गॅसवर ठेवलेले दूध पाहायला उठून गेली. मी आकडा पुन्हा चार केला.

दुसरा मार्ग आठवा भाग घालण्याचा, पण आठवा तलाव कोठून आणू? तुमच्यापैकी ज्यांनी लहान गेम विकले आहेत, आणि ज्यांनी असे गेम विकत घेतले आहेत, त्यांनी आपला अनुभव सांगावा.

ठाण्याचा_ठोकळा

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. शंभर मिनिटांच्या खेळाला २४९ रुपये जास्त आहेत. ९९ ठेवा, कोणी परत करण्याची तसदी घेणार नाही. आणि कुतूहल म्हणून विचारतो: शंभर मिनिटांसाठी दोन वर्षे कशात गेली?

पिंपवाला

राग नाही. किंमतीबद्दल खाली कोणी अधिक जाणकार लिहील. दोन वर्षांपैकी चार महिने अक्षरांत गेले, हे सांगितले तर आपण विश्वास ठेवणार नाही. मी आधी ज्या इंजिनात काम करत होतो त्यात देवनागरीची जुळणी होत नव्हती. संगणकाच्या साठवणीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर येते आणि पडद्यावर ती अक्षराच्या आधी काढावी लागते. ही अदलाबदल करणारी यंत्रणा नसली की 'पिंप' या शब्दातील वेलांटी 'प'च्या उजवीकडे लोंबकळते. 'सार्वजनिक नळ' या पाटीवरचा रफार 'व'च्या डोक्यावर चढण्याऐवजी पाय मोडलेला 'र' होऊन पुढे उभा राहत असे. काही काळ मी सर्व पाट्या चित्रे म्हणून रंगवल्या, पण संवाद साडेतीनशेच्या वर गेल्यावर ते अशक्य झाले. शेवटी संपूर्ण प्रकल्प गोदो या दुसऱ्या इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत नेला. मार्च २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीत अक्षरजुळणीची हार्फबझ ही यंत्रणा आहे, तिसऱ्या आवृत्तीत ती नव्हती. फॉन्ट मुक्त वापराचा 'मुक्त' घेतला. तो आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा आहे. 'दऱ्या' आणि 'सुऱ्या' नीट उमटले तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवून दाखवले होते.

हिशेबनीस

९९ रुपयांच्या सल्ल्याशी असहमत. किंमत एकदा कायमची उतरवली की सवलत द्यायला जागा राहत नाही. विशलिस्टमध्ये गेम टाकून ठेवलेल्यांना सवलतीचा मेल स्टीमकडून जातो, पण सवलत वीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच. म्हणून पंधरा टक्क्यांची सवलत देणे म्हणजे दारात उभे राहून हळू आवाजात हाक मारणे होय. शिवाय एका सवलतीनंतर पुढची देण्यासाठी तीस दिवस थांबावे लागते, हे लक्षात घेऊन वर्षाचे वेळापत्रक आखावे.

एक विषयाला लागून असलेली गोष्ट: डब्ल्यू-एट बेन हा अमेरिकेतील कराचा फॉर्म भरताना पॅन दिला आहे ना? दोन देशांमधील करारामुळे अमेरिकेतील विक्रीवर तीस टक्क्यांऐवजी पंधरा टक्के कर कापला जातो, आणि कापलेल्या कराचे क्रेडिट येथील विवरणपत्रात मागता येते. पुष्कळ तरुण मंडळी हे पैसे सोडून देतात.

मध्य_रेल्वेचा_प्रवासी

बराच विचार करून हा प्रतिसाद लिहीत आहे. वर्णनावरून गेम ओळखला, आणि तो परत करणाऱ्यांपैकी मी एक आहे.

कारण प्रामाणिकपणे सांगतो. मला गेम लहान वाटला म्हणून मी परत केला नाही. तुळशीच्या भागात शेवटची दोन बिऱ्हाडे राहिलेली असताना नळ फुसफुसला आणि पाणी गेले. पुढच्या क्षणी पडदा पूर्ण काळा झाला, आवाजही बंद झाला. मी पाच-सहा सेकंद थांबलो, कळफलकावर दोन-चार बटणे दाबली, काही होईना. गेम अडकला असे समजून तो बंद केला. पुन्हा उघडल्यावर 'पुढे चालू' हा पर्याय नव्हता, थेट पहिल्या भागापासून सुरुवात. मला वाटले की माझी नोंद पुसली गेली आणि पुढचा अर्धा गेम मी कधीच पाहणार नाही. तेव्हा महिनाअखेर होती आणि पैसे परत मागण्याचे पान दोन टिचक्यांवर होते. गेम सात भागांचा आहे हे मला आज आपल्या धाग्यावरून कळले. दुकानाच्या पानावर ते कोठेही लिहिलेले नाही.

आपल्याला वाईट वाटेल याची कल्पना आहे. परंतु आपण लांबीचा विचार करत आहात आणि माझ्या बाबतीत तरी लांबीचा काही संबंध नव्हता.

पिंपवाला

वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे होईल, पण गेल्या तीन महिन्यांत मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी अभिप्राय आहे. पैसे परत मागताना ग्राहक जी टिपणी लिहितात ती रचनाकाराला वाचता येते. मी ती यादी पहिल्या आठवड्यानंतर उघडलीच नव्हती, कारण ती वाचून दिवस खराब होतो. काल रात्री उघडली. पाच जणांनी वेगवेगळ्या भाषांत जवळजवळ एकच गोष्ट लिहिली आहे: शेवटी काळा पडदा येतो आणि गेम बंद पडतो.

तो काळा पडदा अकरा सेकंदांचा आहे आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. पाणी गेल्यानंतर चाळीत जी शांतता पसरते ती मला दाखवायची होती. त्यानंतर उजाडते, खालच्या गल्लीत पाणी सोडणारा पालिकेचा चावीवाला येतो आणि शेवटची श्रेयनावे सुरू होतात. येथील चाचणी करणाऱ्यांपैकी कोणालाच ते खटकले नाही, कारण प्रत्येकाशेजारी मी बसलेलो होतो किंवा फोनवर होतो, आणि माझ्यासमोर कोणी गेम मध्येच बंद करणार नव्हते. म्हणजे मी ज्याला शांतता समजत होतो ती परक्या खेळाडूला बिघाड वाटत होती.

एका परदेशी खेळाडूच्या अभिप्रायाचा अर्थही आता लागला. त्याने लिहिले होते की नळ दिवसभर चालू राहत नाही हा दोष कधी दुरुस्त होणार. त्यावर मी महिनाभर हसत होतो. तोही बहुधा शेवटी नळ बंद पडून पडदा काळा होतो त्याबद्दल बोलत असावा.

कुर्ल्याच्या_काकू

मला गेममधले काही कळत नाही, मुलीने हा धागा वाचायला दिला. तुमच्या गेमवर बंदी आली नाही ना? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमचा कायदा केला तेव्हा आमच्या सोसायटीत पुष्कळ चर्चा झाली होती.

पाण्याबद्दल मात्र मी अधिकाराने लिहू शकते, कारण तीस वर्षे मी चाळीत काढली. तुम्ही 'कळश्या, हंडे, पिंपे' असे एका दमात लिहिले आहे, पण भरण्याला क्रम असतो. नळाला पाणी येते तेव्हा पहिले गढूळ असते. ते बादलीत धरायचे आणि मोरीसाठी ठेवायचे. पाणी निवळले की फडके बांधून पिण्याची कळशी, मग स्वयंपाकाचा हंडा, आणि पिंप सर्वांत शेवटी. रांगेत माणूस उभे नसते, भांडे उभे असते. आमच्याकडे एक बाई रिकाम्या डालड्याच्या डब्यात दगड घालून तो रात्रीच नळाखाली ठेवत असे, आणि त्या डब्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. शिवाय उन्हाळ्यात पालिका कपात जाहीर करते, ते तुमच्या खेळात आहे का? २०२४ च्या जूनमध्ये दहा टक्के होती. दहा टक्के ऐकायला थोडे वाटते, पण शेवटच्या घरासाठी ती दहा टक्के नसते, ती पूर्ण असते.

पिंपवाला

काकू, बंदी नाही. तो कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांबद्दल आहे. माझ्या गेममध्ये ग्राहक एकदाच किंमत देतो. तरीही त्या महिन्यात आमच्या तीन नातेवाइकांनी सांत्वनाचे फोन केले होते.

गढूळ पाण्याचा क्रम माझ्या गेममध्ये नाही आणि तो नसणे ही चूक आहे. आईला विचारले तर ती म्हणाली, "तू विचारलं नाहीस." दगडाचा डबा घेण्यास आपली परवानगी असावी.

ठाण्याचा_ठोकळा

आठव्या तलावाची चिंता कशाला? गारगाई आहे की. धरण अनेक वर्षे कागदावर आहे, तेव्हा आपणही आठवा भाग नुसता जाहीर करावा आणि तारीख देऊ नये. अस्सल मुंबईचे काम होईल.

हिशेबनीस

विनोद चांगला असला तरी काकूंच्या कपातीच्या सूचनेकडे मी धागाकर्त्यांचे लक्ष पुन्हा वेधतो. तेच सात भाग दहा टक्के कमी पाण्यात खेळायचे, असा पर्याय शेवटी उघडला, तर ज्यांना हवे त्यांना आणखी वेळ मिळेल आणि ज्यांना नको त्यांची शंभर मिनिटे अबाधित राहतील.

पिंपवाला

आठवडाभर येथे येता आले नाही. पहिल्या मोठ्या पावसात दोन दिवस अंधेरीहून परतायला रात्र झाली. जे केले ते सांगतो.

काळा पडदा अकरा सेकंदांचाच ठेवला आहे, पण आता तो मुका नाही. आधी नळातून थेंब पडतो, मग दुसरा, मग बराच वेळ काही नाही, आणि अखेरीस खालून चावीवाल्याच्या लोखंडी चावीचा खणखणाट येतो. आवाज आमच्याच इमारतीच्या टाकीजवळ रात्री एक वाजता फोनवर ध्वनिमुद्रित केला; रखवालदाराला वाटले की मी टाकीत उडी मारणार आहे. शेवटच्या भागानंतर बाहेर पडलेल्या खेळाडूला आता 'पुढे चालू' दिसते आणि तो थेट उजाडण्याच्या दृश्यात पोहोचतो. सात भाग आणि शंभर मिनिटे हे दोन्ही आकडे दुकानाच्या पानावर पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहेत. गेम एकदा प्रकाशित झाला की पुढच्या आवृत्त्यांना नव्याने तपासणी लागत नाही, त्यामुळे हे सर्व मंगळवारी रात्रीच लोकांपर्यंत गेले. किंमत आहे तीच ठेवली आहे. कळशी चार सेकंदांतच भरते.

परतावे थांबले का? नाही. गेम संपवून परत करणारे काही जण आहेतच आणि ते राहतील. त्यांच्यापैकी एकाने तर उत्तम अभिप्राय लिहून, शिफारस करून, मग पैसे परत घेतले आहेत. अभिप्रायाखाली 'उत्पादन परत केले' अशी खूणही दिसते. मी तो अभिप्राय दोनदा वाचला आणि खरे सांगायचे तर आवडला.

कपातीचा पर्याय अजून प्रकाशित केलेला नाही, कारण गढूळ पाण्याचा क्रम घातल्यापासून सगळे आकडे बिघडले आहेत. विहारच्या भागात बारा घरांचे पाणी कागदावर पुरते आणि खेळताना पुरत नाही. रविवारी सकाळी आईला बसवले. बाळंतिणीच्या घरी गाळलेले पाणी पोहोचेना, तर तिने तोच भाग चार वेळा पुन्हा सुरू केला. मी शेजारी वही घेऊन वेळा टिपत होतो, आणि आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही तोवर गॅसवरचे दूध उतू जाऊन पातेल्याला करपले होते.

कुर्ल्याच्या_काकू

पातेले लगेच गरम पाण्यात भिजत घाला, वाळले की काथ्यानेही निघत नाही. आणि त्याला अर्धी बादली पाणी जाते, ते विहारच्या हिशेबात धरा.